किंमत उतरली, वजन नाही

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशेच्या आसपास मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या. व्यवहार सुमारे पासष्ट कोटींचा होता आणि त्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली. त्याच सुमारास जर्मन कंपन्यांनी भारतात पाय रोवले होते. बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना २००७ मध्ये सुरू झाला, मर्सिडीज २००९ मध्ये चाकणला गेली, ऑडीच्या गाड्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जोडल्या जाऊ लागल्या. त्या दिवसांतल्या उंच, जड, डिझेलवर चालणाऱ्या आलिशान एसयूव्ही आता बारा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. त्यातल्या कितीतरी आज छोट्या शहरांत तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या दारात उभ्या आहेत.

अकोला-अमरावतीत अशा गाड्या पुण्या-मुंबईहून येतात, तशा दिल्लीहूनही येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच धोरण उचलून धरलं. त्यानंतर दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची गाडी तिथला मालक मिळेल त्या भावाला सोडू लागला. ना-हरकत दाखला घ्यायचा, इथे रोड टॅक्स भरायचा, एम.एच. ३० किंवा एम.एच. २७ चा नंबर घ्यायचा. नव्या मध्यम गाडीच्या पैशात, कधी त्याहूनही कमी पैशात, आठ-दहा वर्षांपूर्वी फक्त फोटोत पाहिलेली गाडी घरी येते.

माझं मत आधीच सांगतो. अशी गाडी घेऊच नये असं मी म्हणणार नाही. गाडीची किंमत उतरते, पण तिचं सव्वादोन-अडीच टनाचं वजन तेवढंच राहतं, वेगही तेवढाच राहतो, आणि ते वजन थांबवणाऱ्या सामानाचा भाव नव्या गाडीचाच असतो. हा हिशेब खरेदीच्या दिवशीच व्हायला हवा, आणि तो बहुतेक वेळा होत नाही. त्या हिशेबावरचा हा वाद आहे. मामाजी एस्टीच्या अमरावती विभागातून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. भाचा अकोल्याचा, डाळीच्या धंद्यातला, २०१२ सालची गाडी दिल्लीहून आणलेला. दोघांची नावं द्यायची गरज वाटली नाही, कारण या दोन भूमिका वऱ्हाडात घरोघरी ऐकू येतात. मामाजींची बोली आहे तशीच ठेवली आहे.

भाचा : गाडी चांगली आहे मामाजी. फक्त शंभरच्या पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक ट्रॅक्टर मधात आला तेव्हा जास्तच जाणवलं. आमचा मेकॅनिक म्हणतो, डिस्क वाकली, लेथवर मारून देतो.

मामाजी : डिस्क इतक्या सहज वाकत नाई. बिडाची असते ते. ते झिजते, अन् सगळीकडं सारखी झिजत नाई. कोठी पॅडचा मसाला चिटकून बसते, तिथं जाडी वाढते. चाक फिरलं का पॅड त्या उंचवट्यावरून जाते, कॅलिपरचा पिस्टन मागं-पुढं होते, अन् तेच तुह्या हातात येते. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यात एक-दोनचा फरक असला तरी शंभरच्या स्पीडले समजते. तो रस्ता पहिले खड्ड्याचा होता, तेव्हा खड्डा हालवते का डिस्क हालवते हे कोनाले समजत नव्हतं.

रस्त्याबद्दल मामाजी म्हणतात ते खरं आहे. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात एका लेनचं पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झालं आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. त्याआधी अमरावती-अकोला रस्त्यावर साठच्या पुढे जायला हिंमत लागत असे. आता शंभर सहज होतात, आणि जुन्या गाडीत दडलेलं दुखणं शंभरलाच बाहेर येतं.

भाचा : मग लेथवर सपाट केली की झालं ना?

मामाजी : किती जाडी उरली ते त्यानं मोजलं का? डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असते. मायक्रोमीटर लावून सहा-आठ जागी मोजायचं. लेथनंतरही आकड्याच्या वर राहत असन तर खुशाल मार, माही ना नाई. आकड्याच्या खाली जात असन तर ते डिस्क भंगारात. पातळ डिस्क उष्णता कमी झेलते, लवकर तापते, अन् तापून तापून तिले भेगा पडते. अन् अजून एक. चाकाच्या हबवरचा गंज घासला का त्यानं? हब अन् डिस्कच्या मधात गंजाची पापडी राह्यली तर नवी डिस्कही डगमगते. मंग सहा महिन्यानं तू म्हणशील, नव्या डिस्कही वाकल्या.

भाचा : त्याने मोजलं नाही, हे मान्य. पण नागपूरला शोरूममध्ये तरी कुठे मोजून दाखवलं? गाडी आत घेतली आणि दोन तासांनी कागद हातात दिला. चारही डिस्क, चारही चाकांचे पॅड, सेन्सर, ऑइल. आकडा पाहून मी गाडी परत आणली. जाडी किती उरली हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. मग माझा अकोल्याचा माणूस वाईट आणि ते चांगले, हे कशावरून?

मामाजी : मी त्यायले चांगलं म्हणलं काय? जो मोजत नाई तो मेकॅनिक नाई, त्याचा कोट कोणत्या का रंगाचा असेना. एस्टीत आमच्याकडं लायनरची जाडी वहीत लिहा लागे. वही बोलत होती, माणूस नाई.

या मुद्द्यावर दोघं एका बाजूला येतात आणि मीही त्यांच्या बाजूला आहे. शोरूम की गल्लीतलं गॅरेज, हा वाद गाडीवाल्यांमध्ये फार रंगतो. पण ग्राहकाने दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट मागायला हवी : प्रत्येक चाकाच्या डिस्कची आणि पॅडची उरलेली जाडी, मिलिमीटरमध्ये, कागदावर. ते देणारा माणूस अकोल्याच्या एमआयडीसीत असला तरी चालेल.

भाचा : थरथर सोडली तर बाकी काही नाही. ब्रेक ऑइलची पातळी बरोबर आहे. मागच्या महिन्यात थोडी कमी होती, मी स्वतः टाकलं.

मामाजी : कमी झालं ते गेलं कुठं?

भाचा : गळती कुठेच नाही.

मामाजी : मंग ते कॅलिपरमंधीच हाय. पॅड झिजले का पिस्टन बाहेर येते, त्याच्यामागं जागा होते, ऑइल तिकडं जाते अन् डब्बीतली पातळी उतरते. ते पातळी तुले सांगत होती का पॅड पाह्य. तू वरून ऑइल टाकून तिचं तोंड बंद केलं. अन् ऑइल बदललं कधी?

भाचा : बदललं म्हणजे? ते काही इंजिन ऑइल नाही. घेतल्यापासून तर नाहीच बदललं. त्याआधीचं माहीत नाही.

मामाजी : इंजिन ऑइल काळं होते म्हणून लोक बदलतेत. ब्रेक ऑइल पाणी पेते, ते डोयाले दिसत नाई. रबराच्या होजमधून, डब्बीच्या झाकणातून, हवेतली ओल ते घेतच राह्यते. तुह्या गाडीत डॉट-४ असन. नवं असताना ते कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाई. पौने चार टक्के पाणी त्यात मिसळलं का मानकाप्रमाणं १५५ उरले तरी पास. दोन वर्षांत बदलायचं ते याच्यासाठी. तुह्यात किती पाणी असन ते तपासायचं यंत्र पेनाएवढं असते, पण त्याच्यावरही मी विसंबत नाई. जुन्या गाडीत इतिहास माहीत नसन तर पहिल्याच दिवशी बदलायचं.

भाचा : पण मामाजी, अकोल्यात पाण्याचीच मारामार. आठ महिने हवा कोरडी असते. कोकणात राहणाऱ्याने ओलीची काळजी करावी. आपल्याकडे ऑइल पाणी पिणार तरी कुठून?

मामाजी : कमी पेईन, मान्य. पण चार महिने पाऊस हाय ना? अन् तुही गाडी किती दिवस उभी राह्यते?

भाचा : लग्नसराईत निघते. नाहीतर आठवड्यातून एकदा. रोज मिलवर जायला लहान गाडी आहे.

मामाजी : उभी राह्यली म्हणून ऑइलचं वय थांबत नाई. अन् आपली अडचण उन्हाची हाय. मे महिन्यात अकोल्यात पंचेचाळीसच्या वर पारा जाते. उन्हात उभ्या गाडीखाली त्याहून जास्त. रबर त्यानं मरते. होज बाहेरून धडधाकट दिसते अन् आतून फुगते. मंग काय होते, तू पेडल दाबलं तर जोरानं ऑइल आत जाते, पाय काढला तर परत येत नाई. चाक धरून राह्यते. लोक कॅलिपर बदलतेत, पिना साफ करतेत, अन् चोर होजमंधी बसलेला असते.

धरून राहिलेलं चाक ओळखायला फार साधन लागत नाही. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेकचा कमीत कमी वापर करून गाडी थांबवावी आणि चारही चाकांची उष्णता लांबून तापमान दाखवणाऱ्या बंदुकीने पाहावी. समोरच्या जोडीत किंवा मागच्या जोडीत एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त तापलं असेल तर तिथे काहीतरी अडकलं आहे : पिस्टन, कॅलिपरची सरकणारी पिन, होज, नाहीतर हँडब्रेकची केबल. हात लावून पाहू नये, भाजतं. आणि तापलेल्या डिस्कवर पाण्याचा फवारा तर अजिबात मारू नये. आपल्याकडे लांबून आल्याबरोबर गाडी धुवायला लावायची सवय आहे. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी असेल तर क्षार चाकाच्या मागे, सेन्सरच्या जोडणीत, ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर बसून राहतात आणि गंजाला वेग येतो. दर्यापूर-मूर्तिजापूर भागातल्या माणसाने निदान गाडीखालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा.

भाचा : रविवारी सगळ्यांना घेऊन चिखलदऱ्याला जायचं ठरलंय. सात जण. थरथरीचं काम आल्यावर करू म्हणतो.

मामाजी : त्या गाडीनं नाई.

भाचा : मामाजी, मी दोनदा जाऊन आलो तिथे. काही झालं नाही.

मामाजी : चढताना काही होतच नाई. उतरताना पाह्य. परतवाडा अन् चिखलदऱ्याच्या मधात सातशे मीटरच्या आसपास उंचीचा फरक हाय. तुही गाडी माणसं धरून अडीच-तीन टन. ते सगळं वजन तू सातशे मीटर खाली आणून राह्यला. ते ताकद जाईन कुठं? ब्रेकमंधी.

मामाजींचं हे म्हणणं आकड्यांत मांडून पाहण्यासारखं आहे. तेवीसशे किलोची गाडी ताशी शंभर किलोमीटरवरून पूर्ण थांबवली तर ब्रेकला सुमारे नऊ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तीच गाडी सातशे मीटर खाली उतरते तेव्हा एक कोटी अठ्ठावन्न लाखांच्या घरात ऊर्जा मोकळी होते. म्हणजे शंभरवरून सतरा-अठरा वेळा करकचून थांबवण्याएवढी. हवा आणि टायर त्यातला काही वाटा घेतात. उरलेली इंजिनने घ्यायची की ब्रेकने, हे चालवणारा ठरवतो. गिअर वर ठेवून पाय ब्रेकवर ठेवला तर सगळा भार चार डिस्कवर येतो, आणि त्यांच्यामागे पाणी प्यायलेलं ऑइल असतं. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दबत नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो, वाफ मात्र दबते. पेडल खाली बसतं आणि गाडी चालतच राहते.

यातला सगळ्यात घातक भाग पुढचा आहे. अर्धा तास थांबलं की ऑइल थंड होतं, वाफ जिरते, पेडल पुन्हा कडक होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गाडी तपासली तर काहीच सापडत नाही. मालक म्हणतो, नशीब बलवत्तर. आणि तेच ऑइल घेऊन पुढच्या घाटात जातो.

भाचा : एस्टी पण उतरतेच ना मामाजी? माझ्या गाडीपेक्षा जुनी आणि कितीतरी जड.

मामाजी : उतरते, पण कशी? ज्या गिअरात चढली त्याच गिअरात उतरते. ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून बसत नाई. अन् तिचा ब्रेक हवेचा हाय. हवा पार गेली तर स्प्रिंग आपोआप ब्रेक धरते, गाडी जागच्या जागी उभी. तुह्या गाडीत उलटं हाय. दोन सर्किट असतेत म्हणून एकात गळती झाली तर दुसरं थोडंफार धरन, पण ऑइलच उकळलं तर दोन्ही जातेत. अन् महत्त्वाचं सांगू? एस्टी डेपोत आली का तिच्याखाली कोणीतरी जाते. तुह्या गाडीखाली मागच्या वर्षभरात कोण गेलं?

भाचा गप्प बसत नाही, आणि त्याने गप्प बसायचं कारणही नाही. त्याची बाजू इथून पुढे भक्कम होते.

भाचा : तुम्ही जुनेपणाला दोष देताय, पण नवीन असतानाही कंपन्यांच्या चुका निघतातच. २०१६ मध्ये पोर्शेची कायेन आणि फोक्सवॅगनची टुआरेग, दोन्ही मिळून आठ लाखांच्या आसपास गाड्या जगभरात परत बोलावल्या. ब्रेक पेडलच्या आधाराची एक क्लिप सैल निघू शकत होती. २०२२ मध्ये मर्सिडीजने जवळपास दहा लाख गाड्या बोलावल्या. एमएल, जीएल, आर क्लास, २००४ ते २०१५ मधल्या. ब्रेक बूस्टरच्या रबरी आवरणाखाली ओल साचून आतून गंज चढायचा. अमेरिकेत तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवूच नका म्हणून सांगितलं होतं. म्हणजे एवढी मोठी कंपनी, एवढी इंजिनिअरची फौज, आणि चूक बूस्टरमध्ये. मग कंपनीच्या शिक्क्याची किंमत मी का मोजू?

मामाजी : त्यायनं बोलावलं ना पण? चूक सापडली, जगापुढं सांगतली, फुकट तपासून दिली. गल्लीतला पॅडवाला कधी बोलावते का, माह्या दुकानातून खराब माल गेला म्हणून?

भाचा : बोलावत नाही. पण ती चिठ्ठी मला तरी कुठे येणार? कंपनीच्या वहीत पहिला मालक आहे, दिल्लीचा. त्याने गाडी विकली डीलरला, डीलरने दुसऱ्याला, मग मी. नंबरसुद्धा बदलला. चिठ्ठी गेली असेल तर दिल्लीच्या कुठल्यातरी बंगल्यात पडली असेल.

मामाजी : हे मात्र तू लाखाचं बोलला. मंग चेसिस नंबर घे अन् नागपूरले फोन लाव. या नंबरावर काही बाकी हाय का, एवढंच विचारायचं. पैसे लागत नाई त्याले.

भाच्याने मांडलेली ही अडचण मला या सगळ्या विषयात फार मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. गाडी राज्य ओलांडते, नंबर बदलते, मालक बदलतात. कंपनीला तिचा पत्ता राहत नाही. चेसिस नंबर मात्र कायम राहतो. जुनी आलिशान गाडी घेणाऱ्याने पैसे देण्याआधी हा एक फोन करावा. बूस्टरचा तो गंज वरून दिसणाराही नव्हता. आणि डिझेल गाडीत बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनवर बसवलेला वेगळा पंप तयार करतो. वय झालं की तो पंप, त्याची नळी किंवा मधला एकेरी व्हॉल्व्ह गळायला लागतो. पेडल दगडासारखं कडक होतं, सगळा जोर पायालाच लावावा लागतो. घरी तपासायची रीत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो आहे. जागचं हललं नाही तर गाडी गॅरेजला न्यावी.

भाचा : आता माझ्या मेकॅनिकचं ऐका. तो साधा माणूस नाही मामाजी. स्कॅनर आहे त्याच्याकडे. मागच्या महिन्यात एबीएसचा दिवा लागला होता. एकाने पूर्ण एबीएस युनिट बदला म्हणून सांगितलं. याने स्कॅनर लावला, मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर बोलतच नव्हता. वायर उंदराने कुरतडली होती. अर्ध्या तासात काम झालं. पॅडही तो कंपनीच्या डब्यातलेच घ्या असं म्हणत नाही. जो कारखाना कंपनीला पॅड पुरवतो त्याचाच माल, त्याच्या स्वतःच्या डब्यात, बराच स्वस्त मिळतो. गाडीच्या चिन्हाचे पैसे वाचतात. यात काय चुकलं?

मामाजी : काहीच नाई चुकलं. असा माणूस सोडू नको. पण पॅडच्या पाठीवरचा शिक्का पाह्य. युरोपचा आर-९० चा ई शिक्का हाय का? घर्षणाची दोन अक्षरं कोणती हायत? पहिलं अक्षर थंड पॅडचं, दुसरं तापलेल्याचं. एफएफ असन तर ठीक. दुसरं अक्षर ई असन तर तापल्यावर पकड उतरन, अन् चिखलदऱ्यावरून उतरताना ते दुसरंच अक्षर कामी येते. अन् नकली डब्बे बाजारात लय हायत, म्हणून बिल घे. बिल न देणारा स्वस्त पॅड मले फुकटही नको.

भाचा : बिल तो देतो.

मामाजी : अन् पॅडचा सेन्सर? त्याची वायर कापून जोडून तर नाई ना टाकली?

इथे भाचा थोडा अडखळतो, आणि कारण खरं आहे. या गाड्यांमध्ये पॅड संपत आला की बारीक वायर घासून तुटते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. सेन्सर एकदाच वापरायचा असतो. तो मागवायचा कंटाळा आला की वायरची दोन टोकं एकमेकांना जोडतात. दिवा विझतो, पुन्हा कधीच लागत नाही. त्यात अनेक गाड्यांना हा सेन्सर जोडीतल्या एकाच चाकाला असतो. दुसऱ्या बाजूचा कॅलिपर अडकला तर तिथला पॅड लोखंडापर्यंत घासतो आणि शाबूत सेन्सरलाही ते कळत नाही. म्हणून दिवा हा आधार मानू नये, चाक काढून दोन्ही बाजूंचे आतले आणि बाहेरचे पॅड पाहावेत. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा फार झिजला असेल तर कॅलिपरच्या पिना सुकल्या आहेत असं समजावं. तिथे साधं ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगतं. उष्णता झेलणारं, ब्रेकसाठीचंच ग्रीस लागतं.

भाचा : मागच्या वेळी सेन्सर मिळत नव्हता. जोडला होता बहुतेक.

मामाजी : मंग पहिले तो मागव. अन् मागच्या पॅडचं काम करताना त्याले म्हणा, बटणाचा हँडब्रेक असन तर स्कॅनरनं सर्व्हिस मोडवर घे, मंगच पिस्टन मागं ढकल. शिकंजा लावून जबरदस्तीनं दाबला तर आतली मोटर अन् गिअर तुटते, अन् मंग कॅलिपरच घ्या लागते.

भाचा : ते त्याला माहीत आहे. मामाजी, तुमच्या बोलण्यात एक गोष्ट मला पटत नाही. तुम्ही सगळं बरोबर सांगता आणि शेवटी नेहमी म्हणता, विकून टाक. का विकायची? या गाडीत सहा एअरबॅग आहेत, तिचा सांगाडा भक्कम आहे. याच पैशात नवीन लहान गाडी घेतली असती तर मुलांना घेऊन समृद्धीवर मी इतका निर्धास्त गेलो असतो का?

मामाजी : समृद्धीवर कितीनं जाते?

भाचा : एकशे वीसची परवानगी आहे. तेवढाच.

मामाजी : शंभरचे एकशे वीस केले तर ब्रेकवरचा भार वीस टक्क्यानं नाई, चव्वेचाळीस टक्क्यानं वाढते. वेगाचा वर्ग लागते तिथं. एअरबॅग टक्कर झाल्यावरची गोष्ट हाय. मी टक्कर होण्याच्या पहिलेची गोष्ट करून राह्यलो. तू म्हणते नवी गाडी कमजोर असन. असन. पण तिचा ब्रेक नवा, ऑइल नवं, होज नवे, वजन अर्धं. अन् पुढं पाह्य, पंधरा वर्षं भरले का तुले फेरनोंदणी करा लागन, आरटीओची तपासणी लागन. तेव्हा काय करशील?

भाचा : तेव्हाही पास होईल, कारण मी काम करून घेईन. तुमच्या हिशेबाने पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, ते आता करतो. ऑइल, चारही होज, सेन्सर, पिना, समोरच्या डिस्कचं मोजमाप. यातलं प्रत्येक काम अकोल्यात होतं. गाडी जुनी झाली म्हणून टाकायची, तर ती दुसरा कोणीतरी घेईल आणि याच ऑइलवर चालवेल. त्यापेक्षा ती माझ्याकडे बरी.

मामाजींकडे याचं तयार उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं भाच्याचा हा मुद्दा वजनदार आहे. विकलेली गाडी रस्त्यावरून नाहीशी होत नाही. ती आणखी उतरलेल्या किमतीत, आणखी कमी ऐपतीच्या हातात जाते, आणि ब्रेकचं काम आणखी पुढे ढकललं जातं. दुसरीकडे, ज्याला वर्षाला एक मोठी रक्कम फक्त थांबण्यासाठी बाजूला काढता येत नाही त्याने ही गाडी पाळू नये, हे मामाजींच्या बोलण्यातून निघणारं म्हणणंही तितकंच ठाम उभं राहतं. भाच्याला ती रक्कम परवडते. परवडत असूनही त्याने आतापर्यंत ती काढली नव्हती, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. गाडीला चकचकीत पॉलिश होतं, नवे सीट कव्हर होते, मोठ्या पडद्याचा स्टिरिओ होता.

मामाजी : सामान कधी येते?

भाचा : होज आणि सेन्सर पुण्याहून गुरुवारी येतील. शुक्रवारी काम.

मामाजी : मंग रविवारी चिखलदऱ्याले माही गाडी अन् तुही लहान गाडी घेऊ. सात जण बसतेत दोन गाड्यांत. नवे पॅड टाकून लगेच घाटात जायचं नसते. शुक्रवारी काम झालं का शनिवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर ने. साठपर्यंत जाय, हलक्या पायानं पंधरा-वीसपर्यंत उतरव, पूर्ण थांबवू नको, परत साठ. असं आठ-दहा वेळा कर, मधात थोडं चालू दे, थंड होऊ दे. पॅड अन् डिस्क एकमेकाले बसा लागतेत. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभी केली तर पॅडचा मसाला तिथंच छापून राह्यन, अन् थरथर परत सुरू.

भाचा : आणि डिस्क? लेथवर मारू की नव्या घेऊ?

मामाजी : त्याले म्हणा, मायक्रोमीटर लावून दोन्ही डिस्कची जाडी कागदावर लिहून मले फोटो पाठव. डिस्कवर कोरलेला आकडाही लिहायला सांग.

भाचा : आणि विकायची गोष्ट?

मामाजी : आकडे येऊ दे पहिले.